मूल शिकतंय, पण कोणत्या रकान्यात? विधान परिषदेच्या उमेदवारांना खुले पत्र

प्रति,
पुणे, औरंगाबाद व नागपूर पदवीधर मतदारसंघ आणि पुणे व अमरावती शिक्षक मतदारसंघ यांतून विधान परिषदेसाठी उभे राहणारे सर्व उमेदवार

विषय : गृहशिक्षणाबाबतची आपली भूमिका लेखी जाहीर करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२० मध्ये निवडून आलेल्या या पाच जागांची सहा वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. या मतदारसंघांच्या याद्या दर निवडणुकीला नव्याने होतात, म्हणून पदवीधरांचा १८ नंबरचा आणि शिक्षकांचा १९ नंबरचा अर्ज घेऊन आपले कार्यकर्ते घरोघरी आणि शाळाशाळांत पोचतात. जुनी पेन्शन, टप्पा अनुदान, अशैक्षणिक कामं यांवर आपण काय म्हणता ते छापील मिळतं. गृहशिक्षणाबद्दल मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोना, जॉर्जिया अशा काही राज्यांत शिक्षणखात्याचा प्रमुखच लोकांनी निवडून दिलेला असतो आणि त्या पदाच्या उमेदवाराला हा प्रश्न विचारला जातो. आपल्याकडे त्या प्रश्नाला सर्वांत जवळची जागा आहे ती आपल्या मतदारसंघाची. म्हणून हे पत्र आपल्याला.

आम्ही घरी मुलांना शिकवणारे पालक आहोत आणि आमच्यात शाळांत शिकवणारे शिक्षकही आहेत. ‘गृहशिक्षण चांगलं की वाईट’ यावर आम्हाला आपलं मत नको आहे. जे मूल घरी नीट शिकतंय त्याची नोंद राज्याच्या दप्तरात कुठे करायची, एवढ्याचं उत्तर हवं आहे. आज तशी जागा नाही. मूल एकतर शाळेच्या पटावर असतं, नाहीतर ‘शाळाबाह्य’ असतं. वीटभट्टीवर राबणारं मूल आणि घरी रोज चार तास अभ्यास करणारं मूल एकाच रकान्यात पडतात. नुकसान दोघांचंही होतं, कारण ज्याला खरोखर शोधून शाळेत आणायचं आहे ते त्या आकड्यात हरवतं.

आधी कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून लागू. कलम १० म्हणतं की ६ ते १४ वयाच्या मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. ते पाळलं नाही तर पालकाला दंड किंवा शिक्षा मात्र या कायद्यात नाही. २०१२ मध्ये केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं होतं की स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. पण तो शब्द कलमात उतरला नाही, नियमांतही नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा हक्क दिला. तो ‘गृहाधारित शिक्षण’ या नावाने चालतो आणि त्यासाठी विशेष शिक्षक घरी येतात. कार्यालयांत या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. पालक ‘गृहशिक्षण’ म्हणतात आणि समोरून अपंगत्वाचा दाखला मागितला जातो.

आता मूल शाळेतून काढताना काय होतं ते पाहा. पालक शाळा सोडल्याचा दाखला मागतात. मुख्याध्यापक विचारतात, कोणत्या शाळेत घालताय? हा प्रश्न त्यांच्या मनातला नसतो, प्रणालीतला असतो. सरल किंवा यूडायस प्लस या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींच्या प्रणालींवर मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेकडे जातं. दुसऱ्या शाळेने ते ओढून घेतलं नाही की त्याचं नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडून राहतं आणि वर्षअखेरीला गळती म्हणून मोजलं जातं. खुलासा मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. मग दाखला लांबतो, किंवा प्रेमाने सुचवलं जातं की नाव राहू द्या, परीक्षेपुरतं पाठवा.

नावापुरत्या प्रवेशाची ही वाट सगळ्यांना सोयीची वाटते आणि तीच सर्वांत घातक आहे. हजेरीपुस्तकात रोज खोटी ‘ह’ पडते. पोषण आहाराच्या नोंदीत न जेवलेलं ताट चढतं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी करावी लागली ती अशाच कागदी मुलांमुळे, आणि तिचा डाग प्रामाणिक शिक्षकांनाही लागला. घरी शिकणाऱ्या मुलाला सरळ दार मिळालं नाही, तर आपण त्याच वाटेला पुन्हा माणसं लावतो आहोत.

शिक्षक मतदारसंघातल्या उमेदवारांनी हे पत्र इथे मिटू नये. गृहशिक्षणाला मान्यता म्हणजे पट कमी, पट कमी म्हणजे पद कमी, ही भीती खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० पर्यंत तीन. म्हणजे ६१ चा पट असलेल्या शाळेतून एक मूल गेलं तर एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. एका घराच्या निर्णयाने एका शिक्षकाची बदली व्हावी हे आम्हालाही मान्य नाही. यावर काही जण सुचवतात की घरी शिकणारी मुलंही पटावर मोजा. आम्ही त्याला ठाम विरोध करतो, कारण मग पुन्हा कागदी पट सुरू होतो. योग्य उपाय संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवण्याच्या पद्धतीत, आहे : काठावरच्या शाळेत एक-दोन मुलं कमी झाली तर त्याच वर्षी पद न काढता पुढच्या वर्षाचा पट पाहूनच निर्णय घ्यावा. स्थलांतर, मृत्यू, बदली अशा कोणत्याही कारणाने एखाद-दुसरं मूल जाणाऱ्या प्रत्येक वाडीवरच्या शाळेला तो लागू पडेल. आपण हा मुद्दा उचललात तर आम्ही शिक्षक संघटनांसोबत उभे राहू.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. शिक्षक मतदारसंघात मत असतं ते माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत गेल्या सहा वर्षांपैकी किमान तीन वर्षं शिकवलेल्या शिक्षकाला. गृहशिक्षणाचा प्रश्न मात्र ज्याच्या वर्गात आधी उभा राहतो तो पहिली-दुसरीचा शिक्षक त्या यादीत नसतो. त्याच्या वतीने पदवीधरच्या उमेदवारांनी बोलायला हवं.

आम्ही सुचवतो ती पद्धत नवी नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड दिलं जातं. मूल गाव सोडतं, पण त्याची शैक्षणिक नोंद सोबत जाते. तशीच एक ‘गृहशिक्षण नोंद’ असावी. जून महिन्यात पालकाने केंद्रप्रमुखाकडे, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, एक पानाचं घोषणापत्र द्यावं : मुलाचं नाव, जन्मतारीख, शिकवण्याचं माध्यम, घरी मुख्यतः कोण शिकवतं, आणि भाषा, गणित व परिसर अभ्यास यांत वर्षभरात कुठवर जायचं आहे. पोच ३० दिवसांत मिळावी. सरल आणि यूडायसमध्ये ‘गृहशिक्षण’ असा वेगळा पर्याय उघडावा, म्हणजे मूल ड्रॉपबॉक्समध्ये लोंबकळणार नाही आणि शाळेच्या गळतीतही मोजलं जाणार नाही. नोंद दरवर्षी नव्याने व्हावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे, राज्याचे शिक्षण हक्क नियम २०११ चे आहेत, आणि नोंदीची पद्धत शासन निर्णयाने ठरवता येते.

नोंद झाली की पडताळणी हवी, आणि ती आम्हालाच हवी आहे. ‘घरी शिकतो’ या दोन शब्दांआड लहान वयातलं लग्न, धाकट्या भावंडांना सांभाळणं किंवा दुकानात बसवणं लपू शकतं. मुलींच्या बाबतीत तर जास्तच. म्हणून वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये, केंद्रप्रमुखाने मुलाला प्रत्यक्ष भेटावं, आणि काही वेळ पालकाला बाहेर बसवून भेटावं.

त्या भेटीत काय करायचं ते नीट ठरलं नाही तर सगळं फसतं. चौथीची घटक चाचणी समोर ठेवली की मूल हमखास अडखळतं, कारण घरी शिकणाऱ्या मुलाचा क्रम पुस्तकाच्या क्रमाने जात नाही. शिवणाचं कापड मोजता मोजता त्याला अर्धा, पाव, पाऊण केव्हाच पक्कं झालेलं असतं, पण ‘अंश’ आणि ‘छेद’ हे शब्द त्याने ऐकलेले नसतात. त्याचा अर्थ मूल मागे आहे असा नव्हे. यासाठी निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या राष्ट्रीय मोहिमेची तिसरीअखेरची पातळी हाताशी आहे : मिनिटाला ६० शब्द अर्थासह वाचणं, ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं, साधे गुणाकार. केंद्रप्रमुखाने न वाचलेला एक उतारा द्यावा, मिनिटभर ऐकावं, त्यावर तीन प्रश्न विचारावेत. त्यांतला एक तरी ‘का’चा असावा. मग हातात मोजपट्टी आणि सुतळी देऊन टेबलाचा घेर मोजायला सांगावा. मूल सुतळी गुंडाळून मग पट्टीवर मोजतं, की चार बाजू मोजून बेरीज करतं, की समोरासमोरच्या बाजू सारख्या म्हणून दोनच मोजून दुप्पट करतं, यातून दहा मिनिटांत जे कळतं ते पन्नास गुणांच्या पेपरातून कळत नाही. शेवटी वर्षभराची फाइल पाहावी : तारखा घातलेली वहीची पानं, वाचलेल्या पुस्तकांची यादी, मुलाने स्वतः लिहिलेलं काही. तारखा नसलेली फाइल आदल्या आठवड्यात बसून तयार करता येते, म्हणून तारखेचा आग्रह धरावा. दोन भेटींत प्रगती दिसली नाही तर पुढची वाट कायद्यातच आहे. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश आणि नियमांप्रमाणे कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं विशेष प्रशिक्षण. पालकांना तेव्हा ‘आमचं स्वातंत्र्य’ म्हणून आडवं येता येऊ नये.

मूल मध्येच शाळेत परत येऊ इच्छितं तेव्हाही हेच कलम उपयोगी पडतं. कलम १४ प्रमाणे जन्माचा दाखला नाही म्हणून आणि कलम ५ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आठवीपर्यंत हे छत्र आहे. नववीत ते संपतं, आणि बहुतेक घरं अडकतात ती तिथेच.

तेव्हा दहावीचं सांगतो, कारण खरा गुंता तिथे आहे. दारं तीन.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हे सर्वांत रुळलेलं दार. वय १४ पूर्ण हवं. आठवीचा कागद नसेल तर ‘माध्यमिक अभ्यासक्रम करण्याइतकं शिकलो आहे’ असं स्वयंघोषणापत्र चालतं. किमान पाच विषय लागतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन वेळा होते. नोंदणी पाच वर्षं टिकते, तेवढ्यात नऊ संधी, आणि सुटलेले विषय जमा राहतात. मराठी माध्यमही आहे. चुका कुठे होतात? पहिली, गणित. एनआयओएसच्या दहावीला गणित घेणं सक्तीचं नाही. ते टाळून मूल पास होतं आणि विज्ञान शाखेला जायची वेळ आली की दार बंद दिसतं. दुसरी, घरचे स्वाध्याय, म्हणजे टीएमए. त्यांना २० टक्के गुण असतात. तारखेत अपलोड झाले नाहीत की तेवढे बुडतात आणि सगळा भार लेखी परीक्षेवर येतो. तिसरी, अंतर. दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रांत दोन वर्षांचं अंतर लागतं, तेव्हा ‘हुशार आहे, लवकर उरकू’ हा हिशेब चुकतो. चौथी, स्थलांतर प्रमाणपत्र : अकरावीच्या प्रवेशाला ते लागतं हे निकालानंतर कळतं आणि धावपळ होते.

दुसरं दार आपल्या राज्य मंडळाचं, खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा अर्ज. गावाजवळची शाळा, ओळखीची पुस्तकं आणि मातृभाषा, सगळं जुळतं. पण त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, किंवा दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. जे मूल शाळेत गेलंच नाही त्याने कोणती शाळा सोडल्याचा दाखला आणायचा? म्हणजे केंद्राच्या संस्थेला मुलाचा शब्द पुरतो आणि आपल्या मंडळाला पुरत नाही. मराठी घरातलं मूल केवळ या एका कागदासाठी राज्य मंडळाबाहेर जावं, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

तिसरं दार महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ, २०१७ पासूनचं. १० वर्षं पूर्ण झालेलं मूल पाचवीला आणि १३ पूर्ण झालेलं आठवीला बसू शकतं. हे दार उत्तम आहे, पण ते पालकांना माहीत नाही आणि अनेक शाळांनाही नाही. या मंडळाच्या आठवीच्या प्रमाणपत्रावर १७ नंबरचा अर्ज भरता येतो का, नववीत थेट प्रवेश मिळतो का, हे एका परिपत्रकात स्वच्छ लिहून प्रत्येक केंद्रशाळेत लावलं तर निम्मी वणवण थांबेल.

शाळेच्या दाखल्यावर टांगलेल्या आणखी काही गोष्टी आहेत, त्या लोकांच्या लक्षातही येत नाहीत. जातीची नोंद त्या दाखल्यावर असते आणि पुढे जात पडताळणीत ती मागितली जाते. म्हणून गृहशिक्षण आज ज्यांना कागदांची पर्वा करावी लागत नाही अशाच घरांना परवडतं. आरक्षित प्रवर्गातलं कुटुंब हा धोका घेऊ शकत नाही. गृहशिक्षण मूठभरांचं राहू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘गृहशिक्षण नोंदी’वर जन्मस्थळ आणि जातीची नोंद, आई-वडिलांच्या कागदांवरून पडताळून, घेण्याची तरतूद मागावी. शिष्यवृत्ती परीक्षा, एलिमेंटरी-इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा, शालेय क्रीडा स्पर्धा यांचे अर्ज शाळेमार्फत जातात. नजीकच्या शाळेने ते स्वीकारावेत. शाळेत होणारी आरोग्य तपासणी, १० आणि १६ वर्षांची टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) लस, जंतनाशकाची गोळी या गोष्टी घरच्या मुलांकडून सुटतात. आरोग्य केंद्रात लस मिळते, पण आठवण करून देणारं कोणी नसतं. त्या दिवशी मुलाला शाळेत बोलावलं की काम झालं.

एक अवघड बाब राहिली. चार-पाच घरं मिळून मुलांना एकत्र बसवतात, एखादी शिक्षिका मानधनावर ठेवतात. हे गृहशिक्षण की विनामान्यता शाळा? कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढे दिवसाला दहा हजार. रेषा कुठे आहे हे कोणी सांगत नाही. काही ठिकाणी तर शिकवणीवर्गच ‘होमस्कूल’ अशी पाटी लावून पूर्णवेळ शाळा चालवतात आणि भरमसाट शुल्क घेतात. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. आमची सूचना अशी, की मुलांची संख्या, दिवसाचे तास आणि शुल्क या तीन कसोट्यांवर रेषा आखावी आणि ती लिहून ठेवावी.

तर आपल्याकडून चार प्रश्नांची उत्तरं हवी आहेत, प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत, सहीनिशी. शाळाबाह्य आणि पटावरचं यांच्याशिवाय ‘गृहशिक्षण’ अशी तिसरी नोंद आपल्याला मान्य आहे का? तिला जोडून वर्षातून दोन भेटींची पडताळणी मान्य आहे का, आणि केंद्रप्रमुखांची रिक्त पदं भरल्याशिवाय ती कशी होईल? १७ नंबरच्या अर्जाला जन्मदाखला आणि स्वयंघोषणापत्र पुरावं यासाठी आपण मंडळाकडे पाठपुरावा कराल का? आणि काठावरच्या पटाच्या शाळांना संचमान्यतेत एक वर्षाची मुभा द्यावी ही मागणी आपण सभागृहात मांडाल का? उत्तर ‘नाही’ असेल तर कारणासह ‘नाही’ लिहा. त्यावरही बोलता येतं. ‘विद्यार्थीहिताचा विचार करू’ या उत्तरावर बोलता येत नाही.

निवडून आल्यावर आपलं पहिलं अधिवेशन बहुधा नागपूरचं हिवाळी असेल. शाळांच्या नोंदी जूनमध्ये सुरू होतात, आणि प्रणालीत नवा रकाना उघडायचा तर शासन निर्णय एप्रिलपर्यंत निघावा लागतो. तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना त्या अधिवेशनातच लागली तर २०२७ च्या जूनची नोंद साधेल. अर्थसंकल्पी अधिवेशनावर गेली तर घरी शिकणारी मुलं आणखी एक वर्ष ड्रॉपबॉक्समध्येच राहतील.

आपले,
घरी मुलांना शिकवणारे पालक आणि त्यांच्यासोबत काम करणारे शिक्षक